आकडा बरोबर, कागद परत!

संध्याकाळची वेळ. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यातून निघालेला टेम्पो चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीच्या गेटवर उभा आहे. मालात खोट नाही, नग मोजून भरलेले आहेत, बिलाची रक्कमही चोख आहे. तरीही माल आत घेतला जात नाही. खोक्यावरच्या लेबलवर ‘००४५१७’ ऐवजी नुसते ‘४५१७’ छापले गेले आहे आणि गेटवरच्या स्कॅनरला या नावाचा पार्ट नंबरच ठाऊक नाही. दोन शून्ये हरवली आणि टेम्पोची रात्र रस्त्यावर गेली.

हा प्रसंग कल्पित असला, तरी पुरवठा साखळीत काम करणाऱ्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही. संगणकाने हिशेब अचूक केला होता. चूक झाली ती हिशेबाचे उत्तर कागदावर उतरवताना. संगणकाच्या पोटातील आकडा आणि कागदावर दिसणारा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांच्यामधला दुवा आज्ञावली लिहिणाऱ्याला स्वतः बांधावा लागतो. या दुव्यालाच संगणकाच्या परिभाषेत ‘फॉरमॅटिंग’, म्हणजे मजकुराची मांडणी, असे म्हणतात.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा पट्टा यंत्रनिर्मिती आणि वाहन उद्योगाचे माहेरघर बनला. पुढे चाकण आणि तळेगावपर्यंत त्याचा विस्तार झाला. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे आहे. मोठे कारखाने मालाचा साठा कमीत कमी ठेवतात. लागेल तेव्हा, लागेल तेवढा माल, हे त्यांचे सूत्र असते. त्यामुळे मालाबरोबर येणारे लेबल, चलान, बिल आणि तपासणी अहवाल यांना मालाइतकेच महत्त्व आले आहे.

छोटी आज्ञावली, मोठे काम

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी महागड्या संगणकप्रणाली असतात. लघुउद्योजकाला ते परवडतेच असे नाही. अशा ठिकाणी एखादा तरुण अभियंता किंवा संगणक चालविणारा कर्मचारी ‘स्क्रिप्टिंग’ भाषेत वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली लिहितो. उत्पादनाच्या नोंदींची फाइल वाचायची, बेरीज करायची आणि लेबल किंवा अहवाल छापायचा, एवढेच तिचे काम. स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेली आज्ञावली आधी यंत्रभाषेत रूपांतरित करून ठेवावी लागत नाही. लिहिली की लगेच चालवून पाहता येते, म्हणून अशा फुटकळ कामांना ती सोयीची पडते.

अहवाल छापण्याची गरज या भाषांच्या जन्मापासूनच त्यांच्याशी जोडलेली आहे. १९५७ मध्ये आलेल्या ‘फोरट्रान’ या भाषेत छपाईचा साचा सांगण्यासाठी ‘फॉरमॅट’ नावाचे स्वतंत्र विधान होते. १९७७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनी ‘ऑक’ ही भाषा तयार केली. तिचे नाव या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. रकान्यांतील माहिती वेचून तिचा सुबक अहवाल करणे हे तिचे मुख्य काम. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ आणली. या भाषेत छापील पानाचा आराखडा चिन्हांनी जणू रेखाटूनच दाखवता येतो. कोणता मजकूर डावीकडे टेकवायचा, कोणता उजवीकडे, कोणता मध्यभागी, हे आज्ञावली वाचतानाच डोळ्यांना दिसते. १९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली ‘पायथन’ ही भाषा आज अशा कामांसाठी सर्रास वापरली जाते.

पायथनमध्ये मांडणीचे तीन मार्ग आहेत. टक्क्याचे चिन्ह वापरण्याची जुनी पद्धत ‘सी’ या भाषेतून आली. २००८ पासून ‘फॉरमॅट’ ही पद्धत मिळाली. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून ‘एफ-स्ट्रिंग’ची सोय झाली. तिच्यात वाक्य लिहिता लिहिता महिरपी कंसात संख्येचे नाव द्यायचे आणि त्यापुढे अपूर्णविराम देऊन ती कशी दिसावी हे सांगायचे. मार्ग कोणताही निवडला, तरी सांगावयाच्या गोष्टी त्याच असतात. किती जागा द्यायची, कोणत्या बाजूला टेकवायचे, रिकाम्या जागेत काय भरायचे आणि दशांश चिन्हानंतर किती अंक दाखवायचे.

शून्याची किंमत

गेटवर अडलेल्या टेम्पोकडे पुन्हा वळू. ‘००४५१७’ हा पार्ट नंबर दिसायला संख्या असला, तरी तो मुळात नाव आहे. त्याची कोणी बेरीज करीत नाही, त्याला कोणी गुणत नाही. आज्ञावलीने मात्र तो संख्या म्हणून वाचला आणि संख्येच्या डावीकडील शून्यांना किंमत नसल्याने ती गळून पडली. यावरचा उत्तम उपाय म्हणजे असे क्रमांक सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच वाचणे. ते शक्य नसेल, तर छापताना ‘सहा जागा, रिकाम्या जागी शून्य’ अशी सूचना द्यावी लागते.

हा धोका केवळ आज्ञावलीतच आहे असे नाही. आज्ञावलीने शून्यांसह अचूक लिहिलेली फाइल कोणी दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल आपणहून शून्ये काढून टाकतो. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो पूर्ण न दिसता ‘२.७१ई+११’ अशा शास्त्रीय रूपात दिसू लागतो. क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल, तर पुढच्या अंकांच्या जागी थेट शून्ये येतात आणि फाइल जतन केली की मूळ क्रमांक कायमचा जातो. त्यामुळे पाहण्यासाठी उघडलेली फाइल तशीच जतन करून ग्राहकाला पाठवू नये.

शून्य भरण्याचा आणखी एक लाभ आहे. मजकुराचा क्रम लावताना संगणक एकेक चिन्ह डावीकडून तपासतो. त्यामुळे ‘खोका १’नंतर ‘खोका १०’, ‘खोका ११’ आणि मग ‘खोका २’ असा विचित्र क्रम लागतो. ‘०१’, ‘०२’ असे लिहिले, की क्रम आपोआप सुधारतो.

लेबल छापणाऱ्या प्रिंटरची रीत थोडी निराळी असते. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरांसाठी असलेली ‘झेडपीएल’ ही भाषा साध्या मजकुरात लिहिलेली असते. अमुक ठिकाणी हा मजकूर, तमुक ठिकाणी हा बारकोड, अशा सूचना आज्ञावली तयार करते आणि प्रिंटर त्यानुसार छापतो. जागा ठिपक्यांत मोजली जाते. इंचाला २०३ ठिपके असणारा प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ८ ठिपके छापतो. म्हणजेच १०० मिलिमीटर रुंदीच्या लेबलवर आडवे ८०० ठिपके मावतात. मजकूर ठरलेल्या जागेपेक्षा लांब झाला, तर तो शेजारच्या बारकोडवर चढतो आणि स्कॅनरला बारकोड वाचता येत नाही.

येथे नवख्यांची नेहमी एक फसगत होते. ‘वीस जागा’ असे सांगितले, म्हणजे मजकूर वीस अक्षरांत बसेल, असे त्यांना वाटते. पण ही रुंदी किमान असते. मजकूर लहान असेल, तर रिकाम्या जागा भरल्या जातात. तो मोठा असेल, तर संगणक जागा वाढवतो, मजकूर कापत नाही. तो कापायचा असल्यास टिंब देऊन कमाल लांबी वेगळी सांगावी लागते. मालाचे वर्णन असे कापले तर चालते, पार्ट नंबर मात्र कधीही कापू नये. तो मावत नसेल, तर छपाई थांबवून चूक दाखविणेच श्रेयस्कर.

दशांश चिन्हापलीकडे

सुट्या भागांच्या कारखान्यात ‘२५’ आणि ‘२५.०००’ यांचा अर्थ एक नसतो. शाळेच्या गणितात दोन्ही समान आहेत, पण तपासणी अहवालात दशांश चिन्हानंतरची तीन शून्ये एक दावा करीत असतात. माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे एका मायक्रॉनपर्यंत तपासले आहे, असा तो दावा असतो. काही सूचना न देता छापले, तर पायथन ‘२५.०’ असे लिहितो आणि ग्राहकाचा गुणवत्ता विभाग अहवाल परत पाठवू शकतो.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या व्हर्नियर कॅलिपरचे लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर आहे, त्याने घेतलेले माप ‘२५.०००’ असे छापणे म्हणजे न केलेली तपासणी केल्याचे सांगणे होय. आज्ञावलीला तीन अंक मागितले, की ती निमूटपणे तीन अंक देते. मोजणारे साधन तेवढे सूक्ष्म होते की नाही, हे तिला कळत नाही. किती अंक दाखवायचे, हे साधनाच्या क्षमतेवरून ठरवावे लागते.

पैशांच्या बाबतीत दशांशाचा घोळ निराळ्या कारणाने होतो. समजा, एका वॉशरचा दर २ रुपये ६७.५ पैसे, म्हणजे २.६७५ रुपये आहे. पायथनला ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत छापायला सांगितली, तर बहुतेकांच्या अपेक्षेप्रमाणे २.६८ येत नाही, २.६७ येते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि २.६७५ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. तिच्या जागी २.६७४९९९९९… अशी किंचित लहान संख्या साठवली जाते आणि छापताना ती खालच्या बाजूला वळते.

एका वॉशरमागे अर्धा पैसा ही क्षुल्लक बाब वाटेल. पण एक लाख वॉशरचे खरे बिल २,६७,५०० रुपये होते. छापलेला २.६७ हा दर उचलून कोणी त्यावरून हिशेब केला, तर ते २,६७,००० रुपये होईल. ५०० रुपये कोठे गेले, याचा शोध घेण्यात लेखापालाचा दिवस जाईल. म्हणून पूर्ण हिशेब आधी मूळ संख्यांवर करावा आणि आकडा आखूड करण्याचे काम अगदी शेवटी, छापताना करावे. पैशांच्या हिशेबासाठी पायथनमध्ये ‘डेसिमल’ ही वेगळी सोय आहे. तिच्यात मजकुरातून दिलेला अपूर्णांक जसाच्या तसा साठवला जातो आणि अर्ध्याचे काय करायचे, हेही आपल्याला ठरवता येते.

लाख-कोटी आणि तारखा

मालकाच्या टेबलावर जाणाऱ्या मासिक अहवालात आणखी एक अडचण येते. पायथनला संख्येत स्वल्पविराम घालायला सांगितले, की तो तीन-तीन अंकांचे गट करतो. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर ही रक्कम तो ‘१२,३४५,६७८’ अशी छापतो. लाख-कोटींत विचार करणाऱ्याला ती वाचताना अडखळायला होते. आपल्याकडे शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांचे गट करण्याची रीत आहे, ‘१,२३,४५,६७८’. यासाठी आज्ञावलीत भारतीय ‘लोकेल’, म्हणजे देश आणि भाषेनुसार बदलणाऱ्या संकेतांचा संच, निवडावा लागतो किंवा चार-पाच ओळी स्वतः लिहाव्या लागतात. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये मराठी भाषा आणि भारत देश असे सांगितले, की गट तर बरोबर पडतातच, अंकही देवनागरीत येतात.

चाकण परिसरात जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. जर्मनीत दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम आणि हजारांचे गट पाडण्यासाठी टिंब वापरतात. आपले ‘१,२३४.५०’ तेथे ‘१.२३४,५०’ असे लिहिले जाते. एकाने पाठविलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकाने आपल्या पद्धतीने वाचली, तर एक पूर्णांक दोनशे चौतीस सहस्रांशाचे बाराशे चौतीस व्हायला वेळ लागत नाही.

तारखेचेही तसेच. ‘०५/०४/२०२४’ ही तारीख पुण्यात ५ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मे ठरते. हा गोंधळ टाळण्यासाठी १९८८ मध्ये ‘आयएसओ ८६०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. त्यात आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस येतो. फाइलच्या नावात तारीख अशा पद्धतीने लिहिली, की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

सरकारी साच्यात बसताना

वस्तू आणि सेवा कराच्या ई-बिल पद्धतीमुळे मांडणीचे महत्त्व अगदी लहान उद्योजकाच्या दारापर्यंत पोहोचले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ही पद्धत लागू झाली. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेले उद्योगही तिच्या कक्षेत आले. बिलाची माहिती ‘जेसन’ नावाच्या ठरावीक साच्यात सरकारी पोर्टलवर पाठवायची आणि तेथून ६४ चिन्हांचा नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड घ्यायचा, अशी ही पद्धत आहे.

हा साचा माणसासाठी नसून यंत्रासाठी आहे. त्यामुळे मालकाच्या अहवालातील सोयी येथे चालत नाहीत. रकमेत स्वल्पविराम घालता येत नाही. तारीख दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने आणि दिवस-महिन्यासाठी दोन-दोन अंक देऊन लिहावी लागते. बिलाचा क्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. विशेष म्हणजे तो शून्याने सुरू करता येत नाही. पार्ट नंबरमधील जे शून्य हरवल्याने टेम्पो अडला, तेच शून्य बिलाच्या क्रमांकाआधी भरले, तर बिल नाकारले जाते. मांडणीचा एकच नियम सगळीकडे लावता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मराठी रकाने का हलतात?

अहवाल कारखान्याच्या फलकावर लावायचा असेल, तर तो मराठीत हवा, अशी मागणी साहजिक आहे. पाळीचे उत्पादन, नाकारलेले नग, यंत्राची दुरुस्ती यांची माहिती यंत्रावर काम करणाऱ्याला त्याच्या भाषेत मिळाली, तरच तिचा उपयोग. पण इंग्रजीत ताठ उभे राहणारे रकाने मराठीत येताच वेडेवाकडे होतात.

युनिकोडमध्ये देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. आपण ‘चाकण’ हा शब्द तीन अक्षरांचा समजतो. संगणकाच्या लेखी तो चार चिन्हांचा आहे. ‘पिंपरी’ आपल्याला तीन अक्षरी, संगणकाला सहा चिन्हांचा. ‘आकुर्डी’ हा शब्दही आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचाच, पण संगणक त्यात सात चिन्हे मोजतो. दहा जागांचा रकाना मागितला, तर पायथन ‘चाकण’पुढे सहा रिकाम्या जागा सोडतो आणि ‘आकुर्डी’पुढे केवळ तीन. पुढचा आकडा सरकलाच म्हणून समजावे. काही जुनी साधने तर चिन्हांऐवजी बाइट मोजतात. प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. त्यामुळे ‘आकुर्डी’ची लांबी २१ होते आणि रकान्याचा पत्ताच राहत नाही.

यावर रिकाम्या जागा मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण देवनागरी फाँटमधील अक्षरांची रुंदीही सारखी नसते. मराठी अहवालासाठी खरा तक्ता वापरावा. एचटीएमएल, स्प्रेडशीट किंवा पीडीएफ यांतील तक्त्यात रकान्यांची जुळणी रिकाम्या जागांवर अवलंबून नसते. तेथेही एक काळजी घ्यावी लागते. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, पण साठवताना ती व्यंजनाच्या नंतर ठेवलेली असते. रफारही साठवलेल्या जागी न दिसता पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ही जुळणी न करणारी साधने वापरली, तर वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि ‘पिंपरी’ वाचताना वाचक चक्रावतो. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्याआधीचे फाँट असलेल्या प्रिंटरवर त्याच्या जागी चौकोन उमटतो.

भारतीय भाषांसाठीच्या संगणकीय तंत्रज्ञानात पुण्याचे योगदान मोठे आहे. १९८८ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित केले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक जाहीर झाले. पुढे युनिकोडमुळे प्रत्येक फाँटचा वेगळा संकेत हा त्रास संपला. संगणकावर मराठी लिहिण्याचा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. ती रकान्यात नीट बसविण्याचे काम मात्र अजून आज्ञावली लिहिणाऱ्यावरच आहे.

हे लक्षात ठेवा

• ज्याची बेरीज होत नाही, तो क्रमांक मजकूर म्हणून साठवा.
• हिशेब पूर्ण संख्येवर करा, आकडा छापतानाच आखूड करा.
• मोजमापाच्या साधनाला कळते तेवढेच दशांश छापा.
• यंत्राला पाठवायची फाइल आणि माणसाने वाचायचा अहवाल वेगवेगळा तयार करा.
• आज्ञावली तपासताना नेहमीच्या आकड्यांबरोबर शून्य, ऋण संख्या, खूप मोठी रक्कम आणि सर्वांत लांब नाव घालून पाहा.
• पहिले लेबल छापून स्कॅन करा, मगच उरलेली छापा.

यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही आणि तिच्यासाठी वेगळा खर्चही येत नाही. तरीही वीस ओळींची आज्ञावली लिहिताना शेवटची छपाईची ओळ घाईघाईत उरकली जाते, कारण खरे काम हिशेबाचे आहे असा समज असतो. गेटवरचा सुरक्षारक्षक, पोर्टलवरचे यंत्र आणि पाळीवर आलेला कामगार यांच्यापैकी कोणीही तो हिशेब पाहत नाही. त्यांच्यापुढे येते ती ही शेवटची ओळच. टेम्पो आत जाणार की रात्रभर बाहेर उभा राहणार, हे तीच ठरवते.